तिसरा मजला, दोन वर्षांची मुदत आणि पुण्याची नोकरी : जर्मनीतल्या एका ठाणेकर कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

परदेशात नोकरी करणारी आणि परत यावं की नाही या विचारात असलेली ठाणे-नवी मुंबईकडची कुटुंबं माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यातलंच हे एक प्रकरण. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील पुसट केले आहेत. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. निखिलच्या बहिणीने मसुदा वाचून दोन जागी दुरुस्ती सांगितली, ती धरूनच पुढचा मजकूर आहे.

पार्श्वभूमी

निखिल मूळचा ठाण्यातल्या पाचपाखाडीचा. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समधला इंजिनिअर. पुण्यात काही वर्षं काढून ऑगस्ट २०१८ मध्ये ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय परवाना) स्टुटगार्टजवळच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत रुजू झाला. पत्नी मधुरा आणि चार वर्षांचा मुलगा फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले. निखिलने जर्मन बी१ पातळीपर्यंत केल्यामुळे ब्लू कार्डधारकांना २१ महिन्यांत पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळते ती सवलत त्याला लागू झाली, आणि २०२० मध्येच पीआर हातात आली.

मधुराने इथे एचआरमध्ये काम केलं होतं. तिथे भाषेवाचून ते जमेना. तीन वर्षं घर, मूल आणि भाषेचे वर्ग एवढंच चाललं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने बालवाडी शिक्षिकेच्या पगारी प्रशिक्षणक्रमाला प्रवेश घेतला. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस प्रत्यक्ष बालवाडीत काम. जर्मनीत या कामाला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे पदविका झाली की नोकरी जवळजवळ हातात असते.

ठाण्यात आईबाबा. बाबा चौऱ्याहत्तर, आई एकाहत्तर. १९८० च्या आसपासची सोसायटी, तळ अधिक तीन मजले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची चर्चा कितीतरी वर्षं चालू होती आणि दर वार्षिक सभेत एक तरी सभासद उठून ती मोडीत काढत होता. थोरली बहीण, जिला इथे सुजाता म्हणू, डोंबिवलीला राहते आणि ठाण्यातल्या एका सहकारी बँकेत काम करते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. निखिल तीन आठवडे येऊन गेला. तो परत गेल्यावर आईचं चालणं सुरू व्हायला हवं होतं, ते झालं नाही.

प्रश्न काय होता

निखिल माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, व्हिडिओ कॉलवर. त्याने एक एक्सेल शीट आधीच पाठवली होती. एका बाजूला ‘राहणे’, दुसऱ्या बाजूला ‘परतणे’, खाली पंचवीसेक ओळी, प्रत्येकीला गुण. बेरीज जवळपास सारखीच येत होती आणि तो वैतागला होता. मला अशा शीटचं आश्चर्य वाटत नाही. बेरीज सारखी येईपर्यंत माणूस गुण बदलत राहतो.

घाई होती, कारण तीन तारखा एकमेकींवर आदळत होत्या. कंपनीने माणसं कमी करायला घेतली होती आणि स्वेच्छेने जाणाऱ्यांना ३१ मार्चपर्यंत सही केल्यास नोकरीच्या दर वर्षामागे सव्वा महिन्याचा पगार देऊ केला होता. मुलगा चौथीत होता. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियम, मधली रेआलशूले आणि अधिक व्यावसायिक वळणाच्या शाळा. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये त्या वर्षी शिक्षकांची शिफारस बंधनकारक नव्हती, पण मार्चमध्ये पुढच्या शाळेत नाव घालायचं होतं. आणि परतायचं ठरलं तर ठाण्यातल्या शाळांचे प्रवेश एप्रिल ते जूनमध्ये.

निखिलच्या मते प्रश्न एकच होता: परत जायचं की नाही. मी पहिल्या कॉलच्या शेवटी विचारलं, “आई आत्ता, या आठवड्यात, नेमकी कशाने अडली आहे?” त्याला सांगता येईना. म्हणाला, “ताईला विचारतो.”

सुजाताशी मी ठाण्यातच बोलले. बँक सुटल्यावर ती आली. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही होती. डाव्या पानावर आईची औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपिस्ट कधी आला त्या नोंदी; उजव्या पानावर फक्त तारखा आणि पुढे ‘अर्धा’ किंवा ‘पूर्ण’. त्या तिच्या रजा होत्या. डिसेंबर संपेपर्यंत हक्काची रजा संपली होती, जानेवारीपासून पुढे बिनपगारी. आईला तपासणीला न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन माणसांनी तीन मजले उतरवायचं, आणि परत चढवायचं. खालचा इस्त्रीवाला आणि सोसायटीचा वॉचमन हे दोघं उचलत. वॉचमन बदलला तेव्हापासून इस्त्रीवाला दुसरा माणूस शोधून आणी. फिजिओथेरपिस्ट सांगे, रोज आवारात चालवा. आई जिन्याच्या धास्तीने पलंगावरून उठेनाशी झाली होती.

सुजाता म्हणाली, “दादा यावा असं मला वाटतं का? वाटतं. पण तो सहा महिन्यांनी आला तरी आज माझी रजा कोण देणार आहे? आणि तो आला तरी आईला जिन्यावरून तोच उचलणार आहे का?” (निखिल तिच्यापेक्षा धाकटा, पण घरात सगळे त्याला दादाच म्हणतात.)

माझ्या दृष्टीने प्रकरण इथे फिरलं. निखिलच्या शीटमध्ये ‘आईबाबांची काळजी’ अशी एक ओळ होती आणि तिला दहापैकी दहा गुण होते. त्या ओळीत जिना नव्हता, रजा नव्हत्या, इस्त्रीवालाही नव्हता.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय निखिलच्या मनात पक्का होत आलेला: पैसे घेऊन सही करायची आणि जूनपर्यंत सगळ्यांनी परतायचं. सव्वा महिन्याप्रमाणे साधारण सात महिन्यांचा पगार एकरकमी मिळत होता. पण मधुराचा अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटणार होता, आणि अर्धवट जर्मन पदविकेला ठाण्यात काहीही किंमत नाही. त्या शीटमध्ये ‘मधुराचं करिअर’ या ओळीला दहापैकी तीन गुण होते. ते कोणी दिले असं विचारल्यावर निखिल गप्प बसला आणि मधुरा कॅमेऱ्यासमोर आली. “मला पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावाचं पगारपत्रक मिळालंय. त्याला तीन?” यापुढच्या सगळ्या कॉलना ती होती.

सहीचा आणखी एक धोका होता. स्वतः सही करून नोकरी सोडली आणि नंतर जर्मनीतच राहायचं ठरलं, तर बेरोजगार भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडवला जाऊ शकतो. म्हणजे ‘सही करू, मग बघू’ ही वाट दिसते तितकी मोकळी नव्हती.

दुसरा पर्याय, तिथेच स्थिरावून आईबाबांना नेणं. त्याच सुमारास, १ मार्च २०२४ पासून, जर्मनीने कुशल कामगारांच्या आईवडिलांना बोलावण्याची नवी सोय सुरू केली होती आणि व्हॉट्सअॅपवर तिची जोरदार चर्चा होती. निखिलनेही मला ती बातमी पाठवली. नीट वाचल्यावर कळलं की ती त्या तारखेपासून पुढे पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांसाठी आहे. २०१८ ला गेलेला त्यात बसत नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांचा आरोग्य विमा ही वेगळीच भिंत. उरतो शेंगेन व्हिसा, म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस. आणि मुळात बाबा यायला तयार नव्हते. “तिथे मी कोणाशी बोलू? इथे तलावपाळीला चार माणसं भेटतात तरी,” एवढंच म्हणाले. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला आणि व्हायलाच हवा होता.

तिसरा, निखिलने एकट्याने पुढे यायचं आणि मधुरा व मुलाने प्रशिक्षण संपल्यावर. मधुराने साफ नकार दिला. पाळ्यांचं काम, शाळा आणि मूल हे तिला एकटीने झेपणार नव्हतं, आणि तोपर्यंत तिचं उत्पन्न विद्यावेतनापुरतंच होतं.

चौथा, ठाण्यात बसून जर्मन कंपनीचं काम. कोविडच्या काळात लोकांनी केलं म्हणून हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. कंपनीने वर्षाला काही आठवड्यांपलीकडे नकार दिला. दुसऱ्या देशात कर्मचारी कायमचा बसला की कर, सामाजिक विमा, कंपनीची तिथली कायदेशीर उपस्थिती असे प्रश्न उभे राहतात, आणि एका माणसासाठी कोणी त्यात पडत नाही.

पाचवा पर्याय शीटमध्ये नव्हता. तो कागदपत्रं तपासताना निघाला, आणि त्याच्यावर मी थोडी थांबते, कारण जर्मनीतून येणाऱ्या अनेकांना तो माहीत नसतो.

निखिल समजत होता की पीआर आहे म्हणजे हवं तेव्हा परत जाता येईल. तसं नाही. जर्मनीची साधी पीआर, परदेशी नागरिकांचे परवाने पाहणाऱ्या तिथल्या कार्यालयाने आधी वाढीव मुदत दिली नसेल तर, सहा महिने सलग देशाबाहेर राहिल्यावर संपते. ‘वर्षभर ठाण्यात राहून बघू, नाही जमलं तर परत जाऊ’ असं तो म्हणत होता, त्यातलं परत जाणं या कागदावर शक्यच नव्हतं. पण दुसरा एक परवाना आहे: युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्याचा. तो पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर मागता येतो. तो संघाबाहेर सलग १२ महिने राहिल्यावर संपतो, आणि आधी ब्लू कार्ड असलेल्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना ही मुदत २४ महिन्यांची आहे. निखिलची पाच वर्षं ऑगस्ट २०२३ मध्ये भरली होती, मधुरा आणि मुलाची नुकतीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये.

मग पर्याय असा उभा राहिला: सही करायची नाही, तिघांनी हा परवाना मागायचा, मधुराची परीक्षा २०२५ च्या उन्हाळ्यात होऊ द्यायची, आणि परतीचा प्रश्न तेव्हा दोन वर्षांची मुदत हातात घेऊन सोडवायचा. तोपर्यंत आईचा प्रश्न परतीपासून सुटा करून ठाण्यातच सोडवायचा.

नागरिकत्वाचाही विषय निघाला. जून २०२४ मध्ये जर्मनीचा नवा कायदा लागू होणार होता: पाच वर्षांत नागरिकत्व, आणि जुनं सोडण्याची अट नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा करावाच लागतो आणि मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. चिपळूणजवळ बाबांच्या नावावर थोडी शेती आहे. ओसीआयधारकाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. शेजारचा चुलत्यांचा तुकडा कधीतरी घ्यावा अशी बाबांची इच्छा होती. माझ्या मते एवढ्यासाठी कोणी नागरिकत्वाचा निर्णय करू नये, पण निखिलला तो विषय तूर्त बाजूला ठेवायला हे कारण पुरलं. मधुराने मात्र ‘माझ्यापुरता उघडा ठेवा’ असं सांगितलं.

पैशाचं गणितही मांडलं, पण त्याने निर्णय हलला नाही. पुण्यातल्या नोकरीसाठी तोंडी आलेला वर्षाला ३६ लाखांचा आकडा, ठाण्यात स्वतःचं घर, आणि तिकडे भाडं-विमा-कर वजा जाता उरणारे युरो. महिनाअखेरची शिल्लक दोन्हीकडे साधारण सारखीच. निखिलला यात एक गोष्ट खटकली आणि ती बरोबर होती: आकडा पुण्याचा होता. त्याच्या क्षेत्रातली, जर्मन वाहनकंपन्यांना काम पुरवणारी अभियांत्रिकी केंद्रं प्रामुख्याने पुण्यात आणि बंगळुरूत आहेत. ऐरोली-घणसोलीत आयटीची कार्यालयं ढिगाने आहेत, पण त्याचं काम तिथे जवळपास नाही. ‘ठाण्याला परत जाणं’ म्हणजे प्रत्यक्षात पुण्यात नोकरी करणं. त्या दोन शब्दांना तो इतकी वर्षं एकच समजत होता.

निर्णय आणि कृती

३१ मार्च उलटू दिला. सही केली नाही. हा निर्णय निखिलला सर्वांत जड गेला, कारण त्याचे दोन सहकारी पैसे घेऊन गेले आणि दोघांनाही महिन्याभरात दुसरीकडे कामं लागली.

आईचा प्रश्न त्याआधीच हातात घेतला होता. इथे पहिल्या ओळीवर पुनर्विकास नव्हता. तो झाला तरी कागदपत्रांना वर्ष-दीड वर्ष जाणार हे कोणालाही दिसत होतं. सुजाताने पाचपाखाडीतच, जुन्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर, लिफ्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघर भाड्याने पाहिलं. भाडं ३८ हजार. निखिलने भरायचं ठरलं. बाबा पंधरा दिवस ऐकेनात. स्वतःचं घर असताना भाड्याने राहायचं ही त्यांना मानहानी वाटत होती. शेवटी सुजाताने तोड काढली: घर ‘आईच्या पायापुरतं’, अकरा महिन्यांच्या करारावर, जुन्या घराची किल्ली बाबांच्या खिशात. बाबा रोज सकाळी जुन्या घरी जाऊन वर्तमानपत्र वाचून येत. अजूनही जातात का, असं मी पुढे विचारलं तेव्हा सुजाता म्हणाली की पेपरवाल्याला नवा पत्ता द्यायलाच त्यांनी मनाई केली होती.

ब्युरोकडून दिवसपाळीची बाई ठेवली, महिना २२ हजार. पहिली दोन आठवड्यांत गेली, दुसरी टिकली.

त्यानंतर अवघड बोलणं झालं, भाऊबहिणीचं. निखिल आईबाबांना पैसे पाठवत होता, पण सुजाताच्या बिनपगारी रजांचा हिशेब कुठेच नव्हता. मी सुचवलं की तो धरावा. सुजाताला आधी अपमान वाटला: “आईचं करायचे पैसे घेऊ मी?” निखिलने मग शब्द वाढवला नाही, आकडाही बोलला नाही. वहीतल्या उजव्या पानाची बेरीज केली आणि तेवढी रक्कम तिच्या मुलीच्या महाविद्यालयाच्या फीसाठी म्हणून भरली. पुढे दर तिमाहीला तसंच चालू राहिलं. शिवाय एक नियम ठरला. डॉक्टरची प्रत्येक तपासणी आधी कॉलवर ठरायची. सुजाताने न्यायचं की बाईने हे ताई सांगेल, दादा नाही.

मुलाला सप्टेंबर २०२४ मध्ये गिम्नाझियममध्ये घातलं. त्याचबरोबर एक गोष्ट सुरू केली. तो मराठी अस्खलित बोलत होता पण वाचता येत नव्हतं. २०२० च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. उद्या यायचं झालं तर सहावी-सातवीच्या मुलाला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागू नये म्हणून बाबांनी रविवारी दुपारी कॉलवर शिकवायला घेतलं. जर्मनीत हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. त्या एका तासाच्या फरकावरून आजोबा-नातवाची दर मार्चला भांडणं होत.

मे ते जुलै २०२४ निखिलने बिनपगारी रजा घेतली आणि ठाण्यात येऊन राहिला. सोसायटीच्या पुनर्विकासाला तेव्हा गती आली होती. २०१९ च्या शासननिर्देशानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने ठराव पुढे नेता येतो, त्यामुळे एका विरोधकावर सगळं अडत नाही. बाबांना सभांना बसवेना. निखिलने स्वतःच्या नावे बाबांचं कुलमुखत्यारपत्र इथेच नोंदवून घेतलं. हे इथे असतानाच केलं ते बरं झालं. परदेशात असताना स्वतः कोणाला अधिकारपत्र द्यायचं तर वाणिज्य दूतावासात जावं लागतं (त्याच्यासाठी म्युनिक), आणि ते कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांकशुल्क भरावं लागतं. लोक हे विसरतात आणि मग करारनाम्याच्या आदल्या दिवशी धावपळ होते.

परिणाम

आई मे २०२४ मध्ये वॉकर घेऊन इमारतीच्या आवारात उतरायला लागली, दिवाळीपर्यंत काठीवर आली. मी वैद्यकीय जाणकार नाही, पण फिजिओथेरपिस्टने जे डिसेंबरपासून सांगितलं होतं ते लिफ्टच्या घरात आल्यावर महिन्याभरात घडलं, एवढं दिसलं.

युरोपीय परवाना यायला वेळ लागला. अर्ज मार्च २०२४ चा, भेटीची तारीख मिळायलाच काही महिने, तिघांची कार्डं फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधुरा जुलै २०२५ मध्ये उत्तीर्ण झाली आणि सप्टेंबरपासून त्याच बालवाडीत कायम झाली.

आणि मग कंपनीने दुसरी फेरी काढली. या वेळी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, आणि निखिलचा विभागच यादीत. मार्च २०२४ मध्ये जे सात महिने मिळत होते तिथे आता साडेतीन. मधल्या काळातला पगार धरला तर तोटा झालेला नाही, पण निखिलला हा आकडा टोचतो आणि तो तसं बोलून दाखवतो.

या वेळी चर्चा वेगळी झाली. २०२४ मध्ये मधुराने नाकारलेला पर्याय तिनेच पुढे केला: निखिलने एकट्याने यावं. आता तिची नोकरी पूर्ण पगाराची होती, मुलगा अकरा वर्षांचा, शाळेत एकटा जाणारा, आणि तिचा परवाना निखिलच्या नोकरीवर टांगलेला नव्हता. निखिल डिसेंबर २०२५ अखेर जर्मनी सोडून जानेवारी २०२६ मध्ये ठाण्याला आला. त्याच्या परवान्याची २४ महिन्यांची मुदत डिसेंबर २०२७ अखेरपर्यंत आहे.

तारीख कराच्या दृष्टीनेही पाहिली होती. २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्याचे भारतातले दिवस १८२ च्या आत राहतात, आणि आधीच्या चार वर्षांतल्या सगळ्या भेटी मिळून ३६५ दिवस होत नाहीत. त्यामुळे ते वर्ष तो अनिवासीच राहतो, आणि त्याच वर्षात जर्मनीत मिळालेली नुकसानभरपाई भारतात करपात्र होत नाही. पुढच्या वर्षी तो निवासी होईल, पण आधीच्या सात वर्षांत भारतातलं वास्तव्य ७२९ दिवसांहून कमी असल्याने ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या गटात, म्हणजे परदेशातलं व्याज वगैरे त्या वर्षीही इथे करात येत नाही. त्याच्या एनआरई खात्याचं (अनिवासी भारतीयांसाठीचं बँक खातं) रूपांतर मात्र त्याने आल्या आल्या केलं. कायमचं परतल्यावर ते तसंच ठेवता येत नाही. युरो ठेवायला आरएफसी खातं, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं खातं, उघडलं. तिकडच्या पेन्शनसाठी पाच वर्षांची वर्गणी भरलेली आहे. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू असल्याने सदुसष्टाव्या वर्षी ती इथे घेता येईल.

नोकरी पुण्यातच लागली, हिंजवडीत, आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात. मंगळवारी पहाटे ठाण्याहून गाडी धरतो, गुरुवारी रात्री उशिरा परत. म्हणजे ज्या आईसाठी आला तिला तो चार दिवस दिसतो. सुजाता म्हणते, “चार दिवस पुष्कळ झाले. मला रविवार मिळाला.” जुनी इमारत रिकामी झाली आहे आणि विकासक भाडं देतो आहे, त्यामुळे ३८ हजारांचा बराचसा भार हलका झाला.

मधुरा खूश आहे का? तिच्या शब्दांत, थकलेली आहे. बालवाडीची पाळी सकाळी सातला सुरू होते, मुलगा साडेसातला घर सोडतो, आणि संध्याकाळचा कॉल तिला हजेरीसारखा वाटायला लागला आहे. हे तिने निखिललाही सांगितलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

युरोपीय परवान्याचा अर्ज ऑगस्ट २०२३ मध्येच करता आला असता, निदान निखिलचा. पाच वर्षं भरली त्या आठवड्यात. तेव्हा आई पडलेली नव्हती, कोणी घाईत नव्हतं. कागद हातात असता तर मार्च २०२४ मधली सव्वा महिन्याची सही कदाचित वेगळी तोलली गेली असती: पैसे घेऊन, ठाण्यात राहून, मधुराच्या परीक्षेनंतर परतायची मोकळीक ठेवून. मी हे ठामपणे म्हणत नाही. मधुरा तेव्हा एकटी राहायला तयार नव्हती हे त्यात धरायलाच हवं.

लिफ्टचं घर. हाड मोडल्यावर रुग्णालयातून घरी आणतानाच ते भाड्याने घेता आलं असतं. चार महिने आई वर अडकली, तेवढ्यात स्नायू गेले. तेव्हा कोणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, ‘निखिल आला की बघू.’ हे वाक्य मला फार घरांत ऐकू येतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याआड एखादं साधं, पैशाने सुटणारं काम खोळंबलेलं असतं.

सुजाताशी बोलणं शीट बनवण्याआधी व्हायला हवं होतं. आणि मधुराने स्वतःच्या ओळीचे गुण स्वतः द्यायला हवे होते. यावर तिचं म्हणणं असं की तिला ती शीट अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं.

नोकरीच्या बाबतीत आणखी एक शक्यता नीट तपासली गेली नाही असं मला वाटतं. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात वाहन इलेक्ट्रॉनिक्स नाही, पण औद्योगिक ऑटोमेशन आणि रेल्वे-मेट्रोची सिग्नल यंत्रणा यांत काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि सुरक्षिततेच्या प्रमाणकांवर केलेलं काम तिथे चालतं. पगार पुण्यापेक्षा कमी मिळाला असता. निखिलने एक मुलाखत दिली, आकडा ऐकला आणि पुढे गेला नाही. दर मंगळवारी पहाटे साडेचारला उठण्याची किंमत त्या आकड्यात मिळवून पाहिली असती तर कदाचित गेला असता. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, अजून वेळ गेलेली नाही.”

मधुरा आणि मुलगा जुलै २०२६ च्या अखेरीस सुट्टीला येणार आहेत. सातवीला कुठे बसायचं ते मुलाला विचारलं जाईल असं तिघांनी ठरवलं आहे, आणि त्याचं उत्तर जर्मनी असेल तर निखिलने पुण्याची नोकरी वर्ष पूर्ण होताच सोडून परत जायचं का ठाण्यातच राहायचं, यावर दोघांचं अजून एकमत नाही.